डाव्या विंगेतला खोकला

१

नांदेडात शेषेराव कंधारकरांच्या घरी कोणीही गेलं तरी दोन गोष्टी हमखास मिळत. सिंधुताईंच्या हातचा आल्याचा चहा आणि शेषेरावांशी भांडण. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवून ते निवृत्त झाले होते, पण उभं राहून समोरच्याला झापायची सवय नोकरीबरोबर सुटली नव्हती. मुंबईहून येऊन ‘तुमच्या भागात काय कच्चं टॅलेंट आहे हो’ म्हणणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. कच्चं कोणाला म्हणता, हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा आणि पाहुण्याचा चहा तिथेच निवायचा.

त्या सकाळी सोफ्यावर बसलेला पाहुणा मात्र त्यांचाच विद्यार्थी होता. रविकिरण उदगीरचा. मुंबईत मालिका करून करून तो आता पहिला चित्रपट करायला निघाला होता, आणि त्यासाठी त्यानं सरांचंच नाटक मागितलं होतं. ‘मामंजी झोपलेत’.

देगलूरचं शाळेचं मैदान, अहमदपूरच्या धान्याच्या मोंढ्यातला मांडव, किनवटचं वसतिगृह, जिथं फळ्या टाकता आल्या तिथं शेषेरावांच्या मंडळीनं हे नाटक केलं होतं. मंचावर एकटी सून. डाव्या विंगेत आतली खोली, आणि त्या खोलीत अंथरुणाला खिळलेले मामंजी. ते प्रेक्षकांना कधीच दिसत नाहीत. सून प्रत्येक गोष्ट उंबऱ्यावर उभी राहून विचारते. ताट आणू का, दिवा मालवू का, शेजारी जाऊन येऊ का. आतून एक खोकला येतो. खोकला आला म्हणजे हो. नाही आला म्हणजे नाही. शेवटी ती विचारते, मामंजी, मी जाऊ का? कुठं, ते नाटक सांगत नाही. आतून काहीच येत नाही. ती तशीच उभी राहते. पडदा.

ही सून पहिल्या प्रयोगापासून सिंधुताईच करत आल्या होत्या. तरुणपणी त्यांना एका मालिकेसाठी मुंबईहून बोलावणं आलं होतं. तेव्हा मुलगी, आरती, पोटात होती, मग ती लहान होती, मग शाळेत होती, आणि बोलावणाऱ्यांनी बोलावणं बंद केलं. आता पन्नाशी उलटल्यावर कॅमेरा आपल्या पायांनी दारात आला होता. त्या दिवशी त्या चहात साखर टाकायला विसरल्या. सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

रविकिरणबरोबर हरिओम नावाचा ध्वनिमुद्रक आला होता. अबोल माणूस. सगळं ठरत आल्यावर त्यानं सहज विचारलं, “सर, तो खोकला द्यायचे ते कोण? त्यांनाच बोलावू. नवीन माणसाला ते जमायचं नाही.”

“संगप्पा,” शेषेराव म्हणाले. “लातूरचा. आमची प्रकाशयोजना तोच करतो.”

त्यांनी तिथूनच फोन लावला. संगप्पाचं हार्डवेअरचं दुकान होतं. मागे पत्रे आपटल्याचा आवाज येत होता.

“मी?” संगप्पा हसला. “सर, मी लाइटवर असतो हॉलच्या पार मागं. तिथून खोकलो तर पब्लिक मला हाणंल की. मला वाटलं तुमी टेप लावून राहिले.”

२

शेषेरावांना उत्तर नसलेला प्रश्न सहन होत नसे. कुठंतरी, कोणीतरी, काहीतरी केलेलं असतं. फक्त नीट विचारावं लागतं. ते विचारत बसले.

पहिल्या काही प्रयोगांना खोकले ते स्वतः. मग प्रेक्षकांत बसून प्रयोग बघावा असं वाटायला लागलं, तेव्हा त्यांनी ते काम संगप्पाला सांगितलं. हे त्यांना पक्कं आठवत होतं. संगप्पालाही आठवत होतं, पण त्याच आठवड्यात तो लाइटवर गेला, म्हणून त्यानं प्रॉम्प्टर दयानंदला सांगितलं. दयानंद आता किनवटकडं शिक्षक होता. तो म्हणाला, सर, मला सांगितलं होतं खरं, पण मी पुस्तक घेऊन उजव्या विंगेत बसायचो. खोकला डावीकडून यायचा. पहिल्याच प्रयोगाला माझ्याआधीच आला, म्हणून मी समजलो तुम्ही दुसरं कोणी बसवलं. बरंच झालं म्हटलं, माझा घसा वाचला.

“डावीकडं कोण होतं?”

“अंधार असायचा ना सर. तुमचाच हुकूम होता, डाव्या विंगेत दिवा नाही, माणूस नाही. खोली वाटली पाहिजे म्हणून.”

हुकूम खरा होता. या मंडळीत सरांच्या हुकमाची उलटतपासणी करायची रीत नव्हती. प्रत्येकानं आपलं काम नेमकं केलं, आणि जे आपलं नाही ते दुसऱ्याचं असणार असं धरलं. हौशी नाटकं अशीच चालतात आणि बरी चालतात.

शेवटी दयानंदनं भीत भीत एक विचारलं. “सर, मग ताट कोण खायचं?”

ताट हीसुद्धा शेषेरावांचीच अट. सून उजवीकडून ताट आणते, वाकते आणि उंबऱ्यावरून आत सरकवते. त्यात पुठ्ठ्याची भाकरी चालणार नाही. खरी ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी, तळलेली मिरची. वास पहिल्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. पुढच्या प्रवेशात ती रिकामं ताट उचलून नेते. ते रिकामंच असायचं. मिरचीचं देठ तेवढं काठाशी ठेवलेलं.

शेषेराव समजत होते, पडद्यामागची पोरं खातात. आता त्यांच्या लक्षात आलं की पोरं उजवीकडं असायची.

हरिओमनं जुन्या प्रयोगांची मोबाइलवरची चित्रणं मिळतील तेवढी मागवून घेतली आणि दोन दिवसांनी नांदेडच्या लॉजवरून फोन केला. टेप नव्हती, हे त्यानं पहिलंच सांगितलं. टेपवर खोकला दर वेळी तोच येतो, हा दर वेळी वेगळा होता. पण माणूस एकच.

“एक विचारू का सर? हे गृहस्थ पहिल्या चित्रणात साधारण साठीचे वाटतात. शेवटच्या प्रयोगात फार थकलेत. इतकी वर्षं तुमच्याबरोबर होते आणि तुम्हाला आठवत नाहीत?”

शेषेराव त्याच्यावर ओरडले. हौशी नाटकांत माणसं येतात-जातात, सगळ्यांचे सातबारे आम्ही ठेवत नाही, असं म्हणून त्यांनी फोन आपटला. मग स्वयंपाकघरात गेले.

सिंधुताई अंबाडी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण हातातलं काम थांबवलं नाही.

“मी कधी इचारच केला न्हाई,” त्या म्हणाल्या. “मी विचारायची, ते द्यायचे. नवऱ्यानं कधी एका विचारण्यात उत्तर दिलं न्हाई, निदान मामंजी तरी देत होते. आता त्यांची चौकशी लावा.”

“सिंधु, मामंजी नावाचं कोणी नाही. मी लिहिलंय ते.”

हेही खरंच होतं. मामंजी कोणावरूनही बेतलेले नव्हते. त्यांचे स्वतःचे वडील, आबा, मोंढ्यातले हमालांचे मुकादम, आवाज असा की पलीकडच्या दुकानात ऐकू जाई. एक दिवसही अंथरूण धरलं नाही त्यांनी. हा गप्प, खिळलेला, एका खोकल्यावर घर चालवणारा म्हातारा शेषेरावांनी एका सुट्टीत कागदावर बसून तयार केला होता.

“हाव की,” सिंधुताई म्हणाल्या. “तुमीच लिहिलंय.”

३

चित्रपटाला पैसा लावणाऱ्या मुंबईच्या कंपनीचा निरोप आला तो दुसराच. कथा आवडली. बोली जरा हलकी करा, पुण्यात कळली पाहिजे. आणि सुनेच्या कामाला चेहरा हवा, लोकांना ओळखीचा. सिंधुताईंना शेजारणीचं काम देऊ, छान आहे तेही.

शेषेराव पेटले. लातूर स्टेशनावर त्यांनी रविकिरणला गाठलं आणि फलाटावर उभं राहून झापलं. आमच्या माणसांनी धुळीत उभं राहून बांधलेलं नाटक तुम्हाला पाहिजे, आमच्या माणसांचं तोंड मात्र नको. आमची भाषा पाहिजे, पण पिठासारखी चाळून. बाई इतकी वर्षं ताट घेऊन उभी आहे, आणि तुमचा चेहरा येऊन ते ताट उचलणार. येणारे-जाणारे थांबून ऐकत होते. रविकिरण मान खाली घालून उभा होता, वर्गात उभा राहायचा तसा.

मग तो हळूच म्हणाला, “सर, मी ताईंसाठीच भांडतोय. पण मला कंपनीला काहीतरी द्यावं लागेल. त्यांचं एकच म्हणणं आहे. आतली खोली दाखवा.”

“खोली नाहीच आहे.”

“नाटकात नाही. तिथं प्रेक्षक मानून घेतो. कॅमेरा मानत नाही सर, तो आत जाऊन बघतो. सून शेवटी उत्तर येत नाही म्हणून उभी राहते, यावर दोन तास काढलेला प्रेक्षक चिडेल. तिनं आत जावं. एकदाच. मग कंपनीला ताई चालतील, मी लिहून घेतो.”

शेषेरावांनी दोन दिवस विचार केला. विचार म्हणजे स्वतःशी भांडण. खोली दाखवली की नाटक मेलं, हे त्यांना कळत होतं. दुसरंही एक मनात होतं, त्याला त्यांनी नाव दिलं नाही. साठीला आलेल्या शिकल्यासवरल्या माणसानं एका खोकल्यावरून बायकोचं काम घालवायचं का? त्यांनी सही केली.

सिंधुताईंना कळलं तेव्हा त्या कपडे वाळत घालत होत्या.

“आत जायचं? तुमीच सांगितलेलं ना, उंबरा वलांडायचा न्हाई म्हणून.”

“ते नाटकात.”

“त्यांना विचारलं का?”

“कंपनीला? हो, त्यांचीच अट आहे.”

सिंधुताईंनी ओली साडी दोन हातांनी झटकली आणि दोरीवर टाकली. त्यांना विचारायचं होतं ते कंपनीबद्दल नव्हतं, हे शेषेरावांना फार नंतर कळलं.

४

चित्रीकरणाला शिरूर अनंतपाळच्या महादेवप्पांचं माळवदाचं, मातीच्या सपाट छताचं घर मिळालं. घर धडधाकट होतं, नुकतंच चुन्यानं रंगवलेलं, अंगणात ट्रॅक्टर. पुढं ओसरी, मधे सोपा, आणि सोप्याच्या डाव्या हाताला एक खोली, बिनखिडकीची. महादेवप्पा तिथं हरभऱ्याची पोती ठेवत. पोती काढून तिथं नवारीची बाज टाकली, उशी ठेवली, घोंगडी पसरली. वर एक दिवा बांधला. छत बसकं होतं, दार एकच. भर दुपारी सोप्यात ऊन लखलखत असताना त्या दारापुढं उभं राहिलं की नाटकाचा मंचच वाटायचा. शेषेरावांना ते पाहून पहिल्यांदा बरंही वाटलं. त्यांनी कागदावर मांडलेली खोली कोणीतरी विटा-मातीत बांधून ठेवली होती.

मामंजींचा चेहरा दाखवायचा नाही, एवढी एक गोष्ट त्यांनी रविकिरणकडून भांडून मिळवली होती. घोंगडीखाली कोणीतरी झोपलेलं दिसलं म्हणजे पुरे. रविकिरणनं महादेवप्पांनाच विचारलं. ऐंशीला टेकलेला माणूस, गळ्यात लिंग, डोक्याला पांढरा रुमाल. आपल्याच घरात झोपायचं आणि शिनिमात यायचं म्हणून त्यांना मजा वाटली. रुमाल सोडून, धोतर सावरत ते आत गेले.

आणि लगेच बाहेर आले.

“काय झालं आप्पा?”

“जागा न्हाई,” महादेवप्पा म्हणाले.

“बाज लहान पडते का? दुसरी आणू.”

“बाज मोठी हाय. जागा न्हाई म्हणून राहिलो.” त्यांनी रुमाल पुन्हा बांधायला घेतला. ते घाबरलेले नव्हते. लग्नाच्या पंगतीत पाट भरलेला दिसावा आणि माणसानं पुढच्या पंगतीला बसू म्हणून मागं फिरावं, तसा त्यांचा चेहरा होता. मग ते ट्रॅक्टरच्या सावलीला जाऊन बसले. घरात पुन्हा आले नाहीत.

पोरं हसली. रविकिरणही हसला, म्हणाला, घोंगडीखाली उशा लावू, कळणार नाही. संगप्पा लातूरहून मुद्दाम आला होता, जुन्या मंडळीचा म्हणून. तो एरवी कशालाही हसायचा, पण आता हसला नाही. त्यानं दारातून वाकून आत पाहिलं आणि शेषेरावांच्या कानाशी आला.

“सर, उशा कोणी लावल्या का?”

“लावतील आता.”

“मग बाज मधी कशी काय खचली?”

शेषेरावांनी पाहिलं. नवार मधोमध खाली आली होती. जुनी असेल. सैल विणलेली असेल. नवार खचायला माणूसच लागतो असं नाही. हे सगळं त्यांनी संगप्पाला नीट समजावून सांगितलं, गरजेपेक्षा जास्तच वेळ.

५

चित्रीकरण सुरू झालं आणि सिंधुताईंनी सगळ्यांची तोंडं बंद केली. कॅमेऱ्यापुढं पहिल्यांदा उभी राहिलेली ही बाई कॅमेरा नसल्यासारखी वावरली. मुंबईची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेषेराव मॉनिटरपाशी खुर्ची टाकून बसले होते आणि अभिमानानं त्यांना नीट दिसेना.

उंबऱ्याचे प्रसंग एकामागून एक होत गेले. सिंधुताई विचारत, थांबत, मग पुढं जात. खोकला मागाहून घालायचा ठरलं होतं. हरिओम कानांवर हेडफोन लावून कोपऱ्यात बसला होता. दोन-तीन प्रसंगांनंतर तो उठून रविकिरणकडं आला आणि म्हणाला की मागाहून घालायची गरज दिसत नाही, माझ्याकडं येतोय.

“कुठून?”

हरिओमनं खोलीकडं बोट केलं आणि जाऊन पुन्हा जागेवर बसला. रविकिरणला वाटलं, सरांनी कोणाला तरी आत बसवलंय. त्यानं शेषेरावांकडं बघून अंगठा वर केला. ही मंडळी अशीच. ज्याला त्याला वाटत गेलं की दुसऱ्यानं केलं असणार.

शेवटचा प्रसंग दुपार कलता घेतला. सून ताट घेऊन येते. विचारते, मामंजी, मी जाऊ का? उत्तर येत नाही. मग, नाटकात कधी झालं नाही ते होतं. ती उंबरा ओलांडते. कॅमेरा तिच्या पाठोपाठ, दारातून, तिच्या खांद्यावरून.

“मामंजी,” सिंधुताई म्हणाल्या, “मी जाऊ का?”

सोप्यात सगळे श्वास धरून होते. हरिओमचा चेहरा कोरा होता. काही आलं नाही.

त्यांनी पाय उचलला. उंबऱ्यावर तो क्षणभर तसाच अधांतरी राहिला, एखाद्या घरी पहिल्यांदा जाताना राहतो तसा. मग त्या आत गेल्या.

मॉनिटरवर त्यांची पाठ, पाठीपलीकडं बाजेचा काठ, घोंगडी. सिंधुताई वाकल्या, ताट खाली ठेवलं. वरच्या दिव्याचा उजेड त्यांच्या खांद्यावरून घसरून घोंगडीच्या टोकावर पडला. तिथं एक टाच होती. भेगाळलेली, मातीच्या रंगाची. उजेड पडला तशी ती सावकाश घोंगडीत ओढली गेली.

शेषेराव उभे राहिले. खुर्ची मागं कलंडली, पण आवाज होऊ नये म्हणून संगप्पानं ती वरच्या वर धरली. त्यालाही दिसलं का, हे त्यांनी पुढं कधी विचारलं नाही.

सिंधुताई आणखी वाकल्या. कोणी हळू बोलत असलं म्हणजे वाकतात तशा, कान पुढं करून. बराच वेळ. संहितेत इथं काहीच नव्हतं. त्यांनी फक्त ताट ठेवायचं आणि बाहेर यायचं होतं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “न्हाई जात.”

त्या बाहेर आल्या. रविकिरणनं जागेवरून उडी मारली, ताई, काय वाक्य टाकलंत, असं ओरडत तो त्यांच्या पाया पडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेषेराव टाळ्यांतून वाट काढत खोलीत शिरले. बाजेवर घोंगडी होती, घोंगडीखाली उशा होत्या. एकामागं एक नीट लावलेल्या. नवार ताठ होती. त्यांनी घोंगडी झटकली, बाज उचलून भिंतीला उभी केली, भिंती हातानं चाचपल्या. चुना हाताला लागला. बाकी काही नाही.

ताट खाली होतं, रिकामं. काठाशी मिरचीचं देठ.

६

संकलन लातूरला झालं. शेषेरावांनी तो तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. टाच होती त्या जागी घोंगडीची घडी होती. घडी हलली होती, हे रविकिरणनं मान्य केलं; ताईंच्या पदराचा वारा लागला असेल. शेषेरावांनाही ते पटण्यासारखं वाटलं. डोळे साठीच्या माणसाचे, दिवसभर उन्हात बसलेला, बायकोचं काम बघून भरून आलेला. वर्गात एखाद्या पोरानं हे सांगितलं असतं तर त्यांनी त्याला हेच सांगितलं असतं.

घरी मात्र त्यांना एक गोष्ट दिसायला लागली. सिंधुताई बाहेर निघताना मागच्या खोलीच्या दाराशी थांबत. त्या खोलीत नाटकाचं सामान असायचं. ट्रंका, गुंडाळलेले पडदे, एक मोडका पाट. दाराशी उभं राहून त्या काहीतरी पुटपुटत, थांबत आणि मग पायात चप्पल घालत. त्यांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, सवय. इतकी वर्षं केलेलं काम अंगातून जातं का लगेच? शेषेरावांना हेही पटलं. नटाला असं होतं, त्यांनी वाचलं होतं.

एक दिवस ते न्हाणीघरात दाढी करत होते. नळ बंद होता. सिंधुताईंचा आवाज आला, “भाजीला जाऊन येऊ का?” ते हो म्हणणार तेवढ्यात पलीकडून कोणीतरी खोकलं. एकदाच. कोरडा, थकलेला, घरातल्या माणसाचा खोकला. मग दार लोटल्याचा आवाज, फाटकाची कडी.

गालावर साबण वाळेपर्यंत ते आरशापुढं उभे होते. शेजारचे पाटील असतील. भिंतीला भिंत आहे. त्यांनी संध्याकाळी जाऊन पाटलांना तब्येतही विचारली. पाटील सहकुटुंब शिर्डीला गेले होते.

मोरीत एक ताट जास्त असायचं. ते त्यांनी मोजलं नाही. मोजायचं नाही असं ठरवूनच ते स्वयंपाकघरात जात.

७

चित्रपट मुंबईच्या महोत्सवात निवडला गेला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, आणि कधी नव्हे ते खरं लिहिलं, की त्यात एकच गोष्ट बघण्यासारखी आहे, ती म्हणजे कंधारकरबाई. दोन ठिकाणांहून त्यांना कामासाठी विचारणा झाली. एका मालिकेची, सहा महिने मुंबईत राहायचं. राहण्याची सोय आरतीकडं होणार होती, ती ठाण्यात दिलेली. फोन आला तेव्हा सिंधुताईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या बराच वेळ हसल्या की रडल्या ते शेषेरावांना कळलं नाही. तरुणपणी गेलेली गाडी परत आली होती. शेषेरावांनी कॉलनीभर पेढे वाटले, आणि ‘नशीब’ म्हणणाऱ्या प्रत्येकाशी भांडण केलं. नशीब कसलं? मेहनत आहे.

संगप्पानं लातूरहून फोन करून सांगितलं, “वैनी, टीव्हीवर गेल्यावर आम्हाला वळख द्या. दुकानावर पाटी लावतो, आमच्याकडं सिंधुताईंचे खिळे मिळतील.”

“आधी जाऊ तर द्या,” सिंधुताई म्हणाल्या.

निघायच्या दिवशी दुपारची गाडी होती. सामान ओसरीत. ऑटोवाला फाटकाशी उभा. सिंधुताईंनी हिरवी साडी नेसली होती, महोत्सवासाठी घेतलेली, घडी आज पहिल्यांदा मोडलेली. त्या आरशापुढून निघाल्या, चप्पल घालायच्या आधी वळल्या आणि मागच्या खोलीच्या दाराशी गेल्या. शेषेरावांना ठाऊक होतं की त्या जाणार. त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

“मामंजी,” सिंधुताई म्हणाल्या, “मी जाऊ का?”

बाहेर ऑटोचं इंजिन चालू होतं. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. आत काहीच नव्हतं.

त्या उभ्या राहिल्या. शेषेराव हॉलच्या मधोमध उभे होते, हातात बॅग. ही शांतता त्यांच्या ओळखीची होती. तिच्यावर त्यांनी इतकी वर्षं टाळ्या घेतल्या होत्या. प्रेक्षक श्वास धरून बसतात, ती थांबते, पडदा. पडदा कधी पाडायचा ते दर वेळी त्यांनीच ठरवलं होतं. इथं पाडायला पडदा नव्हता.

“सिंधु, गाडी चुकंल.”

सिंधुताई दाराकडंच बघत होत्या.

“सिंधु, चल म्हणतो ना मी. मी तुझा नवरा सांगून राहिलो. कोणी नाही तिथं.” त्यांनी पुढं होऊन खोलीचं दार पूर्ण उघडलं. ट्रंका, पडदे, पाट. “बघ. आहे का कोणी?”

सिंधुताईंनी आत पाहिलं आणि पदर सावरला. अनोळखी माणसापुढं सावरतात तसा नाही. घरातल्या वडीलधाऱ्यापुढं सावरतात तसा.

मग शेषेरावांनी त्यांना सुचलं ते केलं. ते दाराच्या कडेला, सिंधुताईंना दिसणार नाही असे, भिंतीला पाठ लावून उभे राहिले, जसे पहिल्या प्रयोगाला डाव्या विंगेत उभे होते. डोळे मिटले. आणि खोकले. एकदाच, कोरडं, थकलेलं. चांगलं जमलं होतं. त्यांनीच तर तो खोकला आधी तयार केला होता.

सिंधुताईंनी दाराच्या कडेकडं पाहिलं.

“अहो,” सिंधुताई हळू म्हणाल्या. रागानं नाही, समजावणीनं. “तुमी नका. ते असं न्हाई खोकत.”

त्या परत आल्या, सोफ्याच्या काठावर बसल्या. हिरव्या साडीच्या निऱ्या मांडीवर नीट लावून घेतल्या. बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. पुन्हा दिला.

शेषेरावांनी बॅग खाली ठेवली. आयुष्यात ते कोणापुढं नमले नव्हते. संस्थाचालकांपुढं नाही, परीक्षकांपुढं नाही; मुंबईच्या कंपनीला सही दिली तीही भांडून. उघड्या दाराशी जाऊन ते उभे राहिले, उंबऱ्याच्या अलीकडं. त्यांच्या लक्षात आलं की आपण चपला काढल्यात.

“आबा,” ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला नाही, म्हणून घसा साफ करून पुन्हा म्हणाले. “आबा, तिला जाऊ द्या. मी राहतो.”

ऑटोचं इंजिन बंद पडलं, की ऑटो निघून गेला, ते कळलं नाही. त्यांच्या मागं सिंधुताईंच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. शेषेरावांनी मान थोडी पुढं केली, कान दाराकडं, आणि वाट पाहू लागले.